नऊ दारांचे पोत

२ सप्टेंबर

काम मिळालं! चपला काढायच्या आधी वहिनीला म्हटलं, "बघितलंस? डोळे नसलेल्या बाईने पाच मिनिटांत ओळखलं, आणि डोळे असलेल्यांना मी पाच वर्षं समजावत बसलेय."

अंध मुलांच्या शाळेची नवी इमारत होते आहे. लांबच लांब व्हरांडा, त्यावर नऊ दारं. प्रत्येक दाराशेजारी मुलांच्या हाताच्या उंचीवर आमचा एकेक विणलेला तुकडा लागणार. झाडाची साल लागली हाताला की पहिलीचा वर्ग. शिंपला लागला की गाण्याची खोली. मधाचं पोळं म्हणजे जेवणाची खोली. शेवाळ, वाळूवरच्या लाटा, पानाच्या शिरा, दगडफूल, अळंबीची खालची बाजू, भेगाळलेला चिखल असे बाकीचे सहा. मुलांनी हात फिरवायचा आणि कुणाला न विचारता आपल्या दारात शिरायचं. पंधरा नोव्हेंबरला मुलं नव्या इमारतीत येणार. त्याआधी नऊ तुकडे हवेत.

आजवर आम्ही उशा केल्या, दिव्यांची झाकणं केली, भिंतीवर टांगायला शेवाळं केली. लोक कौतुकाने बघतात आणि विचारतात, "पण हे घालायचं कुठे?" स्वेटरच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढलेल्या बाईने स्वेटर सोडून दुसरं काही विणलं की लोकांना ते कशात तरी घालायचंच असतं. इथे पहिल्यांदाच कुणी ते विचारलं नाही.

शाळेच्या मुख्याध्यापिका स्वतः अंध आहेत. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी सालीचा नमुना हातात घेतला आणि म्हणाल्या, "या झाडाला एकाच बाजूने ऊन लागतंय. ही बाजू जास्त तडकलीय." ते मी मुद्दाम केलं होतं. वहिनीलासुद्धा सांगितलं नव्हतं. मला तिथेच रडू येणार होतं, पण मी नाक शिंकरून वेळ मारून नेली.

१० सप्टेंबर

शिंपला झाला. चांगला झाला. डोळे मिटून तपासला. कारखान्यात शेवटची दहा वर्षं मी तपासणीला होते, तेव्हापासूनची सवय आहे. डोळा फसतो, बोट फसत नाही, हे मी नव्या पोरींना पहिल्या दिवशी सांगायची.

आता शेवाळ. मशीनवर ओळीतले काही टाके सुईवर तसेच धरून ठेवायचे, चार ओळी पुढे गेल्या की सोडायचे, म्हणजे फुगवटे येतात. मग कोमट पाण्यात आटवायचं, म्हणजे लोकर आक्रसून दाट होते. पण ही लोकर मला आवडलेली नाही. हाताला लागतच नाही. सूतवाल्याने लोकर बदलली असणार.

संध्याकाळी कप फुटला. वहिनी कपाचा कान पुसत नाही, ओलाच ठेवते, हजारदा सांगितलंय.

१६ सप्टेंबर

सूतवाल्याशी कडाक्याचं भांडण. मी लोकर गुंडाळलेला जुना कोन आणि नवा कोन दोन्ही त्याच्या टेबलावर आपटले.

"बाई, तीच गिरणी, तीच लोकर, तोच लॉट आहे. चिठ्ठी वाचा."

"चिठ्ठ्या मला नको दाखवू. मला हात आहेत."

त्याने दोन्ही धागे माझ्या बोटांत दिले. "सांगा, कोणता नवा?"

मी म्हटलं, "दोन्ही मेलेले आहेत. जुना पण तू बदललास." तो वीस वर्षांचा ओळखीचा माणूस, माझ्याकडे बघतच राहिला. चोराला बोलायला तोंड नसतं.

२१ सप्टेंबर

पहाटे हात बधिर. अंगाखाली आला असेल. झटकला तेव्हा मुंग्या निघाल्या. हे रोजचंच झालंय, कूस बदलायची सवय लावायला हवी.

वहिनीने दोन दिवसांपासून चहा अर्धाच कप द्यायला सुरुवात केली आहे. मी विचारलं, "दूध महागलं का गं?" म्हणाली, "संपला की आणखी देते ना, ताई." आणि डब्यांची झाकणं आधीच सैल करून ठेवते. घरात पाहुणी असल्यासारखं वाटतं.

शेवाळ आटवलं. मऊ झालं असावं. वहिनी म्हणते थोडं राठ आहे. शेवाळ तिने फोटोतच पाहिलं असेल.

२९ सप्टेंबर

वेळ कमी म्हणून दोन तुकडे वहिनीने विणायचे ठरले होते. वाळू आणि पानाच्या शिरा. ती माझ्याकडेच मशीन शिकली. लग्न होऊन आली तेव्हा साधं बटण लावताना सुई टोचून घ्यायची. आता ओळी मोजते, वहीत लिहिते, मशीनवर धाग्याचा ताण ठरवणाऱ्या चकतीचा आकडा लिहिते. स्वयंपाकही असाच करते, चमच्याने मोजून. हाताचा अंदाज म्हणून काही नाहीच.

आज तिचे दोन्ही तुकडे पाहिले. डोळे मिटून हात फिरवला. काही नाही! गुळगुळीत. चादरीवरून हात फिरवावा तसं.

"लाटा कुठे आहेत?" मी विचारलं.

"या काय, ताई. इथून चढ, इथे उतार."

"मला नाही लागत."

तिने तुकडा स्वतःकडे ओढला. "मला लागतंय," म्हणाली. मग हळूच, "सगळ्या बोटांना नाही लागत का?"

म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं. तुझं काम बसलं नाही तर आता माझी बोटं वाकडी?" ती आत गेली. मी जरा जास्तच बोलले असेन. पण खरं ते खरं.

६ ऑक्टोबर

वहिनी तीन दिवस माहेरी. तिच्या आईचे डोळे दाखवायचे आहेत.

मी तिचे दोन्ही तुकडे उसवले.

लिहून टाकलं, बरं वाटतंय. असे सपाट तुकडे भिंतीवर लावले तर मुलं नऊच्या जागी सात दारं मोजतील. कुणीतरी वाईटपणा घ्यायलाच हवा. उसवायला अर्धा तास लागला. ती पाच दिवस बसली होती. लोकर रिकाम्या कोनावर गुंडाळून फळीवर सगळ्यात मागे सरकवून दिली.

आता दोन्ही मीच करते. जाडी लोकर, दुहेरी धागा, ताण घट्ट. हाताला लागलं पाहिजे, बस.

दुपारी जेवण गेलं नाही. कशाने कोण जाणे.

९ ऑक्टोबर

वहिनी आली. "माझे कुठे गेले?"

मी म्हटलं, "पाणी जास्त तापलं. आटून चिंधी झाली. टाकून दिले."

ती मशीनपाशी गेली, फळीपाशी उभी राहिली, मग हातपाय धुवायला गेली. रडेल, आदळआपट करेल, असं वाटलं होतं. मी दोन्हीची तयारी ठेवली होती. तिने डाळ शिजत लावली आणि विचारलं, "ताई, तुम्ही जेवलात का तीन दिवस नीट?"

माझा हात नुसता ताटात फिरत राहिला. खोटं बोलायची सवय नाही मला. भांडायची आहे.

१८ ऑक्टोबर

मधाचं पोळं अर्ध्यावर. पांढऱ्या लोकरीवर तांबडे डाग दिसले तेव्हा कळलं की बोट कापलंय. सुईची टोकं हल्ली फार धारदार येतात, लागल्याचं कळतही नाही. किती ओळी मी रक्ताने विणल्या कोण जाणे. थंड पाण्यात भिजवलं. बराचसा डाग गेला.

दुपारी वहिनी मागच्या दारात फोनवर होती. मी पाणी प्यायला उठले तेव्हा ऐकू आलं. "नाही, मोठ्या बाई, ताईंना सांगू नका मी फोन केल्याचं. तुम्हीच बोलवा."

मी पाणी न पिताच परत आले.

म्हणजे असं आहे तर. सगळं मी शिकवलं, माझ्या नावावर काम आलं, आणि आता ही परस्पर शाळेशी बोलते. कानामागून आली आणि तिखट झाली. पाच वर्षं मी हिला माझी समजले.

१९ ऑक्टोबर

धाकटा, म्हणजे माझा भाऊ, सकाळी समोर येऊन बसला. तो असा बसला की बायकोने पाठवलेला असतो.

"ताई, एकदा डॉक्टरांना हात दाखव."

"माझ्या हाताला काय झालंय?"

"परवा तू तव्याला बोट लावून उभी होतीस. मी ओढलं म्हणून."

"माझं लक्ष नव्हतं."

"तव्यावर लक्ष लागतं का ताई? चटका बसतो."

मी म्हटलं, "मला म्हातारी ठरवून खुर्चीत बसवायचं आणि मशीन बायकोला द्यायचं, तर तसं तोंडावर सांग." तो उठून गेला. वहिनी स्वयंपाकघरात भांडी घासत होती. घासलेलीच परत घासत होती.

पेन दोनदा सुटलं आज. स्वस्तातली पेनं आणतो हा.

२४ ऑक्टोबर

मोठ्या बाईंचा निरोप आला. झालेले सहा तुकडे घेऊन सव्वीसला या, मुलांना लावून बघू. "तुम्हीच बोलवा" म्हणजे हेच. वहिनी मला निर्मळ चेहऱ्याने म्हणते, "बरं झालं ना, आधीच कळेल."

बघू दे. मुलांच्या बोटांवर माझा विश्वास आहे.

२६ ऑक्टोबर

आजचं सगळं लिहायचं आहे. अक्षर कसंही येवो.

सहा तुकडे सहा दारांशेजारी चिमट्यांनी लावले. व्हरांड्यात रंगाचा वास होता. मोठ्या बाईंनी तीन मुलांना बोलावलं. सर्वांत पुढे दोन वेण्यांची एक मुलगी, सात-आठ वर्षांची. तिने सालीवर हात ठेवला आणि हसली. "झाड! इकडून वाळलंय." शिंपल्याला तर कान लावला. माझी छाती फुगली. मी वहिनीकडे बघितलंसुद्धा.

शेवाळाशी ती थांबली, पुन्हा चाचपलं आणि तशीच पुढे गेली.

वाळूवर हात ठेवला आणि झटकन काढला. "टोचतं."

पानाच्या शिरा. "हे पण तेच."

मधाचं पोळं. तिने दोन्ही हातांनी चाचपलं, मागे गेली, पुन्हा वाळूला हात लावला, पुन्हा पुढे आली. मग मोठ्या बाईंना विचारलं, "बाई, या तिन्ही खोल्या एकच आहेत का?"

दुसऱ्या दोघांनीही तेच केलं. एक मुलगा जेवणाच्या खोलीऐवजी सामानाच्या खोलीत शिरला आणि बादलीला धडकला. बाकीची दोघं हसली. तो हसला नाही.

मोठ्या बाईंनी मुलांना वर्गात पाठवलं आणि माझ्याजवळ आल्या. "सालीचा तुकडा तुमचा?"

"हो."

"हा पोळ्याचा?"

"माझाच."

"मग मध्ये काय झालं?"

मी लोकरीचं सांगितलं, सूतवाल्याचं सांगितलं, सुयांचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुम्ही हात फिरवा. मी तुमच्या हातावर हात ठेवते." मी पोळ्यावर हात फिरवला. त्यांचा हात पिसासारखा हलका माझ्या हातावर.

"तुम्ही दाबताय," त्या म्हणाल्या.

"बघतेय."

"बघणारा हात दाबत नाही. मला शिकवणारे एक गुरुजी होते. शेवटी शेवटी ते इतके दाबून वाचायचे की पानावरचे ठिपके सपाट व्हायचे. आम्हाला नंतर वाचता यायचं नाही. बोटं गेली होती त्यांची, आणि ते कागदाला शिव्या द्यायचे."

त्यांनी टेबलावरून काहीतरी उचललं. "डोळे मिटा. हे काय आहे?"

मी डोळे मिटले. बोटांत घेतलं. सव्वीस वर्षं ज्या बोटांवर जेवले ती बोटं. म्हटलं, "शेवाळ. माझंच आहे, पहिला नमुना."

डोळे उघडले. टेबल पुसायचं फडकं होतं.

मोठ्या बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "पंधरा तारीख हलणार नाही. मुलं येणारच. तुकडे नसले तर दारांवर मी आकडे लावून घेईन. नुसते आकडे." आणि जाता जाता, "तुमच्या वहिनीने फोन केला नसता, तर हे मला पंधरालाच कळलं असतं. त्यांच्यावर रागावू नका."

परतताना रस्ताभर वहिनीने सहा तुकडे स्वतःच धरले होते. मी मागितले नाहीत.

२७ ऑक्टोबर

मशीनला हात लावला नाही. घाबरले आहे. सूतवाल्याला फोन केला, पण काय बोलायचं ते सुचेना, म्हणून ठेवून दिला.

२९ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंनी बोटांना कापूस लावला, टाचणी लावली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं, दोन्ही हातांची, जवळजवळ मुकी आहेत. एकटी करंगळी शुद्धीवर आहे. मनगटातून जाणारी नस दबली आहे. वर्षानुवर्षं मशीनवरची कॅरेज, म्हणजे ओळ विणणारा सरकता भाग, डावी-उजवीकडे ढकलून ढकलून. "इतके दिवस कळलं नाही तुम्हाला?" त्यांनी विचारलं. वहिनी पटकन म्हणाली, "हळूहळू झालं ना, डॉक्टर." तिने माझी बाजू घेतली. मी जमिनीकडे बघत बसले.

मशीन बंद. मनगटांना पट्टे. वीस नोव्हेंबरला उजव्या हाताची शस्त्रक्रिया. बोटं परत येतील का, तर काही येतील, काही नाही. फार उशीर केलात, म्हणाल्या.

संध्याकाळी मी म्हटलं, "काम परत करू. लावू देत आकडे."

धाकटा बोटांवर मोजत होता. साल आणि शिंपला चांगले. शेवाळ, वाळू, शिरा, पोळं पुन्हा करायचे, तीन नवे. "सतरा दिवसांत सात. तुझे ते दोन पाण्यात गेले नसते तर पाचच राहिले असते," तो वहिनीला म्हणाला.

आत्ता सांगावं असं वाटलं. तोंड उघडलंही.

"जाऊ दे ना ते," वहिनी घाईने म्हणाली. "मी विणते. धुवायचं-वाळवायचं तुम्ही बघा. ताई हाताला कसं लागायला हवं ते सांगतील."

मी तोंड मिटलं. भित्री आहे मी. तोंडाळ माणसं बहुतेक भित्रीच असतात.

१ नोव्हेंबर

उंटावरून शेळ्या हाकते आहे. मी खुर्चीत, ती मशीनवर. आणि मला सांगता येत नाही! आयुष्यभर हाताने कळलं, तोंडाने कधी सांगावं लागलं नाही.

"शेवाळ किती मऊ हवं?"

"मऊ म्हणजे... मऊ."

"कशाइतकं, ताई?"

"मांजराच्या कानाइतकं."

"आतून की बाहेरून?"

मी चिडणार होते. मग लक्षात आलं की प्रश्न बरोबर आहे. "बाहेरून. आणि मांजर जरा म्हातारं." ती मान डोलावून चकती दीड आकडा सैल करते. वहीत लिहिते, म्हातारं मांजर, बाहेरून, साडेआठ. मला हसू आलं. त्या वहीला मी किती नावं ठेवली.

ती विणताना हलकेच बोट फिरवते. दाबत नाही. हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

५ नोव्हेंबर

शेवाळ, वाळू झाली. वाळूवर मी करंगळी फिरवली. चढ, उतार, चढ, उतार. सप्टेंबरमध्ये तिने केलेली अशीच असणार. अशीच होती. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

धाकटा पाण्यात हात घालून तापमान सांगतो. कोमट, कोमटाहून जास्त, नवरा बायकोवर चिडल्याइतकं. वाळत घातलेल्या तुकड्यांखालून आम्ही वाकून फिरतो. पाच बाकी, दहा दिवस.

९ नोव्हेंबर

आज सगळं संपलं असं वाटलं. शिरा झाल्या होत्या, पोळं पाऊण झालं होतं. वहिनीने कॅरेज ओढली, धागा अडकला होता, तिच्या लक्षात आलं नाही, आणि पूर्ण तुकडा, खाली टांगलेल्या वजनांसकट, सुयांवरून सुटून खाली आला. धाड! एकशे ऐंशी टाके, सगळे उघडे.

ती जमिनीवर बसली आणि रडायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "मला नाही जमत, ताई. तुमचा हात हवा होता. माझा नाही चालत."

एरवी मी काय काय बोलले असते ते मला माहीत आहे. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. माझ्या पट्टे बांधलेल्या हातांनी आकडीसुद्धा धरता येत नाही. म्हटलं, "ओढू नकोस, ओढलं की धावतात. तुकडा तसाच उचलून मांडीवर घे. डावीकडून पहिला टाका बघ. मिळाला? घाल सुईवर. एक."

"एक," ती म्हणाली.

दोन तास लागले. मी मोजत होते, ती उचलत होती. एकशे बेचाळीसला एक टाका चार ओळी खाली पळाला होता. तिने तो आकडीने वर आणला, एकेक पायरी. एकशे ऐंशी झाल्यावर धाकट्याने तिघांना चहा केला. साखर विसरला. आम्ही तसाच प्यायलो.

१४ नोव्हेंबर

चिखल दुपारी वाळला. सात झाले. वहिनीची बोटं सुजली आहेत. मी तिला म्हटलं, मनगट सरळ ठेव, दर तासाला उठ, नाहीतर माझ्यासारखी होशील. ऐकत नाही. माझीच शिष्या.

१५ नोव्हेंबर

भाषणं लांबली. मग मोठ्या बाईंनी मुलांना सोडलं.

दोन वेण्यांची मुलगी भिंतीला हात लावून चालत निघाली. वाळूशी थांबली. तिने हात काढला नाही. पुढे शिरा, पुढे पोळं. परत मागे गेली, एकदा पुन्हा सगळं चाचपलं आणि मोठ्याने ओरडली, "वेगळ्या आहेत! तिन्ही वेगळ्या आहेत! ही जेवणाची!" आणि आत शिरली. मागून बाकीची पोरं. बादलीला धडकलेला तो मुलगा सगळ्यात शेवटी, सावकाश, एकेक दार करत गेला, आणि बरोबर आपल्या वर्गात जाऊन बसला. बाहेरून कुणीतरी त्याला हाक मारली तरी उठला नाही.

मोठ्या बाई वाळूवर बराच वेळ हात फिरवत होत्या. "हा तुमच्या हातचा नाही."

"नाही."

"तुमच्यापेक्षा हलका हात आहे."

खरं लिहायचं तर लागलं मला. चांगलंच लागलं. आणि त्याच वेळी फार बरंही वाटलं. दोन्ही एकदम कसं होतं ते मला माहीत नाही. मी वहिनीला पुढे ढकललं आणि म्हटलं, "हिचा. सालीनंतरचं आणि शिंपल्यानंतरचं सगळं हिचं."

वहिनी म्हणाली, "ताईंनी सांगितलं तसं केलं."

* * *

हे अक्षर माझं नाही. परवा उजव्या हाताची शस्त्रक्रिया झाली, हात कोपरापर्यंत बांधलेला आहे. मी म्हटलं, वहीत खंड पडता कामा नये, तर वहिनी पेन घेऊन बसली. मी सांगते, ती लिहिते. मागची पानं उलटायची नाहीत असं बजावलंय.

(उलटली नाहीत.)

मधे मधे स्वतःचं लिहायचं नाही.

(बरं.)

बोटांत काल रात्रीपासून ठणका आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात ठणका चांगला, मुक्या बोटाला ठणका कुठून येणार. मधलं बोट जरा बोलतंय. अंगठा अजून गप्प आहे. पुन्हा बोटांनी तुकडे तपासता येतील की नाही, कुणी सांगत नाही, मीही विचारत नाही. भीती वाटते. लिही, भीती वाटते. सूतवाला येऊन गेला. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, बाई, मला वाटलं तुमचं घरात कुणाशी तरी वाजलंय. काही चूक नव्हतं त्याचं.

आता पुढचं जसंच्या तसं लिही. मधे थांबू नकोस आणि माझ्याकडे बघू नकोस.

ऑक्टोबरमध्ये तू माहेरी गेलीस तेव्हा तुझी वाळू आणि तुझ्या शिरा पाण्यात बिघडल्या नव्हत्या. मी उसवल्या. अर्ध्या तासात. चांगल्या होत्या. मला लागल्या नाहीत म्हणून मी ठरवलं की त्या वाईट आहेत. मग तुझ्याशी खोटं बोलले. नंतर सांगायची संधी आली होती, तेव्हाही गप्प बसले. तुझ्याएवढं मला कुणी सांभाळलं नाही आणि मी तुझ्यावर जळत होते. लिहिलंस? वाचून दाखव.

(वाचून दाखवलं. ताईंनी भिंतीकडे तोंड केलं आहे.

ताई, मला त्याच दिवशी कळलं होतं. फळीवर मागे एक कोन होता, त्यावरची लोकर कुरळी होती. उसवल्याशिवाय लोकर अशी होत नाही, हे तुम्हीच मला पहिल्या आठवड्यात शिकवलंत. फार राग आला होता. आईकडे परत निघून जावं वाटलं. मग तुम्ही ताटात हात फिरवताना दिसलात, भात बोटांतून सांडत होता आणि तुम्हाला कळत नव्हतं. नोव्हेंबरमध्ये तीच लोकर वाफेवर धरून सरळ केली. शाळेत जी वाळू लागली आहे ती त्याच लोकरीची आहे. हे तोंडाने सांगवत नाही, म्हणून इथे लिहिते. वही हातात धरता यायला लागली की तुम्ही स्वतःच वाचा.)

काय गं, मी गप्प बसून इतका वेळ झाला, तू काय लिहीत बसलीस?

(बावीस नोव्हेंबर. तारीख घालायची राहिली होती, ती घातली.)